काच त्यांची, जोखीम आपली

नव्या कोऱ्या फोनला कव्हर घालणं म्हणजे पैठणीवर गोणपाट गुंडाळणं, असं एक वाक्य हल्ली फार ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या हातात बहुधा लाखाच्या आसपासचा फोन असतो. तो उघडा असतो, आणि हॉटेलच्या टेबलावर अशा बेताने पालथा ठेवलेला असतो की मागचा लोगो समोरच्याला सुलटा दिसावा. मग त्याची नजर आपल्या फोनवर येते. कव्हर पिवळं पडलेलं, एका कोपऱ्यात फाटलेलं. आत घडी घातलेली दहाची नोट आणि स्वामी समर्थांचा पासपोर्ट आकाराचा फोटो. कीव आल्यासारखा तो हसतो.

या उघडा-फोन पंथाचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं आहे. वस्तू देखणी आहे, तिच्या कडा-कोपऱ्यांवर कुणीतरी वर्षानुवर्षं डोकं लावलंय, तो थंड गुळगुळीत स्पर्श मिळावा म्हणूनच आपण पैसे मोजले. मग ऐंशी रुपयांच्या प्लास्टिकला का हात लावत बसायचं? इथवर ठीक. पण गाडी इथे थांबत नाही. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर आणि पाहुणे आले की ती काढायची धावपळ, हे ज्या घरांत चालतं त्याच घरांतल्या लोकांना फोनला कव्हर लागतं, असा पुढचा टोला असतो. म्हणजे कव्हर ही मनाची कोती वृत्ती ठरते. वस्तू वापरायची हिंमत नसलेल्या, पुढच्या गिऱ्हाइकासाठी ती जपत बसणाऱ्या मध्यमवर्गीयांची खूण.

सौंदर्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार या टोल्याबद्दल आहे, कारण तो चुकीच्या माणसाला लगावला जातो.

आधी सौंदर्याचंच घेऊ. या पंथाचं आराध्यदैवत म्हणजे आयफोन. २००७ च्या जानेवारीत पहिला आयफोन जगाला दाखवला तेव्हा त्याचा पडदा प्लास्टिकचा होता. खिशातल्या किल्ल्यांनी त्याच्यावर चरे पडतात हे अॅपलचा प्रमुख स्टीव्ह जॉब्झ याच्या ध्यानात आलं आणि विक्री सुरू व्हायच्या आत काच हवी असा त्याने हट्ट धरला. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीकडे साठच्या दशकात शोधलेली, पण गिऱ्हाईक न मिळाल्याने बाजूला पडलेली एक टणक काच होती. तिच्यातूनच पुढे 'गोरिला ग्लास' घराघरात पोचली. युक्ती मोठी सुरेख आहे. काच सुमारे ४०० अंश तापमानाच्या पोटॅशियम क्षाराच्या द्रवात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे आयन दाटीवाटीने शिरतात. ती दाटी पृष्ठभागाला सतत आतून आवळून धरते, त्यामुळे काच सहजासहजी तडकत नाही.

पण किल्ल्या हा खरा शत्रू नव्हेच. किल्लीचा किंवा नाण्याचा धातू या काचेपेक्षा मऊ असतो. काचेला ओरखडा काढते ती वाळू. वाळूत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी या काचेपेक्षा कठीण. अलिबागला किंवा गुहागरला समुद्रावर जाऊन आलेल्या पँटच्या खिशात, इमारतीच्या साइटवर काम करणाऱ्याच्या खिशात, एसटीच्या मागच्या सीटवर बसून आलेल्याच्या खिशात ती असतेच. डोळ्यांना न दिसणारा तो बारीक चरा एकदा पडला की आवळून धरलेल्या थराला तिथे खिंड मिळते, आणि पुढच्या पडण्यात काच त्याच खिंडीतून फुटते. "माझा फोन दहा वेळा पडला, काही झालं नाही," असं सांगणाऱ्याचा अकराव्यांदा फुटतो तो यामुळे.

आता २०१० कडे या. आयफोन ४ हा त्या काळचा सर्वात देखणा फोन मानला गेला. पुढे काच, मागे काच आणि कडेने स्टीलची पट्टी. ही पट्टीच अँटेना होती. डाव्या बाजूच्या खालच्या फटीवर तळहात टेकला की सिग्नल ढासळायचा. बोंबाबोंब झाली तेव्हा आधी 'तसा धरू नका' असा सल्ला मिळाला, आणि मग १६ जुलै २०१० रोजी जॉब्झने पत्रकारांना बोलावून उपाय जाहीर केला. उपाय काय? कडेला बसणारं रबरी कव्हर, फुकट. एरवी कंपनी तेच २९ डॉलरला विकत होती. ज्या वस्तूच्या नग्न सौंदर्याचे गोडवे गायले जातात, ती तिच्या कर्त्याने स्वतःच्या हाताने कव्हरात घातली. आजही त्याच कंपनीच्या दुकानात फोनशेजारच्या भिंतीवर कव्हरांची रांग लटकलेली असते आणि एकेकाची किंमत हजारांत असते. शाओमी, व्हिवो, ओप्पो, रिअलमी यांनी तर आडपडदा ठेवलेला नाही; त्यांच्या कितीतरी फोनच्या खोक्यातच पारदर्शक कव्हर घातलेलं मिळतं. बनवणाऱ्यालाच जर वाटत असेल की ही वस्तू उघडी फिरवू नये, तर लोगो सुलटा दिसण्याची काळजी करणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला कशाला हसावं?

यावर उत्तर मिळतं, "ते जुनं झालं, आता काच फार मजबूत झालीय." झालीय, खरंच झालीय. २०२० च्या गोरिला ग्लास व्हिक्टसबद्दल कॉर्निंगने दोन मीटर उंचीवरून पडूनही टिकण्याचा दावा केला. पण दोनच वर्षांनी व्हिक्टस २ आली तेव्हा काँक्रीटसारख्या खडबडीत पृष्ठभागावर एक मीटरवरून, असा दावा होता. पृष्ठभाग बदलला की उंची बदलते. आपल्या बसस्टॉपपाशी, शाळेच्या फाटकाशी, रेल्वेच्या फलाटावर काय असतं ते सांगायला नको.

शिवाय पडण्याचं गणित एकट्या मजबुतीवर सुटत नाही. मीटरभर उंचीवरून सुटलेला फोन जमिनीला टेकताना ताशी १६ किलोमीटरच्या वेगात असतो. प्रश्न एवढाच की तो किती अंतरात थांबतो. कडप्प्यावर उघडा कोपरा अर्ध्या मिलिमीटरात थांबला तर सरासरी धक्का फोनच्या वजनाच्या २००० पट. २०० ग्रॅमच्या फोनला तो ४०० किलोंचा. मऊ कव्हरचा कोपरा दोन मिलिमीटर दबला तर तोच १०० किलोंवर येतो. काचेच्या रसायनशास्त्रात साठ वर्षांत जी काय प्रगती झाली असेल ती असो, ऐंशी रुपयांचा रबरी कोपरा धक्का चौथाईवर आणतो. याला कोती वृत्ती म्हणायचं असेल तर हेल्मेटच्या आतल्या थर्मोकोलालाही म्हणावं लागेल.

आणि काच एवढी मजबूत असेल तर कंपनीने ती वॉरंटीत का घेतली नाही? जवळजवळ कुठल्याही फोनचं वॉरंटीचं पान उघडा. पडून, आपटून, दाबून झालेलं नुकसान त्यात नाही. पाण्यात टिकतो असं जाहिरातीत छातीठोक सांगितलेला फोन पाणी जाऊन मेला तर तेही नाही. जाहिरातीत काच दणकट आणि वॉरंटीत नाजूक, अशी ही दुटप्पी काच आहे. फरक भरून काढायला वेगळा विमा विकला जातो, त्याचे पैसे वेगळे.

असं नेहमीच नव्हतं. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० ला बाहेरचं आवरण हेच कव्हर होतं. झिजलं, तर पुढचं-मागचं नवं घेऊन घरीच बसवायचं. पडला की झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, तीनही तुकडे गोळा करून जोडले की फोन पुन्हा सुरू. २००३ चा नोकिया ११०० तर आपल्यासारख्या मुलखांसाठीच बेतलेला: धूळ आत जाऊ नये म्हणून सलग कीपॅड, घामट हातातून सटकू नये म्हणून कडेला खरखरीत पकड, आणि वीज गेली की टॉर्च. (तेव्हाही काही मंडळी तो प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून पट्ट्याला लटकवत, हे मान्य. ती हौस होती, गरज नव्हती.) फोन पडणार, धूळ बसणार, हात ओला असणार, हे तेव्हा बनवणाऱ्याने गृहीत धरलं होतं. पुढे काय झालं? पहिला आयफोन साडेतीन इंचांचा आणि १३५ ग्रॅमचा होता. आयफोन १४ प्रो मॅक्स ६.७ इंच आणि २४० ग्रॅम. रुंदी ६१ मिलिमीटरवरून ७७ च्या पुढे गेली; माणसाचा पंजा मात्र आहे तेवढाच आहे. वायरलेस चार्जिंग धातूच्या पाठीतून होत नाही म्हणून पाठ काचेची झाली, आयफोनवर २०१७ पासून पुन्हा. जड, रुंद, दोन्हीकडून गुळगुळीत. एवढं करून "जरा सांभाळून वापरावा" असा सल्ला आपल्याला.

हा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो. फोन पडतो तो हलगर्जीपणामुळे, असं त्यात धरून चाललंय. लोकलच्या दारात लोंबकळताना मागून धक्का बसला, मांडीवरच्या पोराने ओढला, मासळी मोजणारीने ओल्या हाताने पेमेंट आलं का ते बघितलं, यात हलगर्जीपणा कुठे आहे? फोन आता चैनीची चीज राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी त्यात, रेशनचा निरोप त्यात, दिवसाची ऑर्डर त्यात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली, तेव्हापासून आपल्या सातबाऱ्यावर पिकाची नोंद करायला शेतकऱ्याला बांधावर उभं राहून फोनने फोटो काढावा लागतो. पाऊस झालेला, पाय चिखलात, एका हातात काठी, आणि अॅप म्हणतं, अजून जरा आत जा. त्या हातातला फोन गुळगुळीत काचेच्या पाठीचा असावा, असं कुठल्या डिझायनरला वाटलं असेल?

त्याच महिन्यात दुसरीही एक गोष्ट घडली, जी फोनच्या सौंदर्यावर बोलणाऱ्यांच्या कानावर बहुधा गेली नाही. राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले स्मार्टफोन परत केले. तक्रारी अनेक होत्या. मेमरी कमी, फोन तापतो, अॅप इंग्रजीत. आणि बिघडला तर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या मानधनातून. फोन सरकारचा, काम सरकारचं, फुटलेली काच मात्र बाईची. कव्हर ही कोती वृत्ती आहे हे त्यांच्यातल्या कुणाला समजावून सांगायला मी तरी जाणार नाही.

काच फुटल्यावर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. पुण्यातल्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या मनीष मार्केटात अशा काउंटरवर थोडा वेळ उभं राहावं. कारागीर फोन हातात घेतो, पडद्यावर बोट फिरवतो आणि विचारतो, "टच चालतोय ना? लाइन तर नाही आली?" नुसती काच गेली असेल तर नशीब. मग तो पडदा गरम तव्यासारख्या छोट्या पाटावर ठेवतो, गोंद सैल झाला की केसाएवढी बारीक तार काच आणि डिस्प्लेच्या मधून आरीसारखी मागे-पुढे ओढत नेतो. तारेखालून बारीक करकर ऐकू येते आणि गिऱ्हाईक श्वास रोखून बघत असतं, कारण तार जरा खाली गेली की डिस्प्लेही संपला. उरलेला गोंद खरवडायचा, पारदर्शक चिकट शीट लावायची, नवी काच दाबून बसवायची, आतले बुडबुडे यंत्रात घालून काढायचे. डिस्प्ले गेला असेल तर ही कारागिरी नाहीच, मग प्रश्न येतो, "ओरिजिनल टाकू की कॉपी?" ओरिजिनलचा आकडा ऐकून बहुतेक लोक कॉपीवर येतात. कॉपीचे रंग फिके असतात, उन्हात नीट दिसत नाही, बॅटरी जरा लवकर उतरते. फोन चालू राहतो, पण घेतला होता तो फोन हा नव्हे.

आणि आपल्याकडे फोनला एकच मालक नसतो. मुलाने घेतलेला दोन वर्षांनी आईकडे जातो, आईचा गावी आजोबांकडे, त्यांच्याकडून कधी कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलीकडे, अभ्यासाला. पुढच्या गिऱ्हाइकासाठी जपणं म्हणून जे हिणवलं जातं ते हेच. पुढचं गिऱ्हाईक आपल्याच घरातलं असतं.

आता पंथाच्या बाजूने बोलण्यासारखंही आहे, आणि ते मी दडवणार नाही. उष्णतेचा मुद्दा खरा आहे. जाड कव्हरात चार्जिंगला लावलेला फोन तापतो, आणि लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. फोन चार्जिंगला गरम लागला तर कव्हर काढा, असं अॅपल स्वतः सांगतं. चंद्रपुरात किंवा अकोल्यात एप्रिलच्या दुपारी कव्हरासकट फोन गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. पण तीच कंपनी फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरा असंही सांगते. या हिशेबाने विदर्भाचा अख्खा उन्हाळा कंपनीच्या अटींबाहेर आहे. कव्हर काढून तो अटींत येत नाही. धुळीचंही खरं: कव्हर महिनोन् महिने न काढल्यास आत शिरलेली वाळू पाठ घासत राहते. आठवड्याला एकदा काढून पुसावं, एवढाच त्याचा अर्थ.

प्लास्टिकच्या कचऱ्याचा आक्षेप घेणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. दर सणाला नवं, साडीच्या रंगाचं, चमकीचं, मागे आरसा लावलेलं कव्हर घेणं ही निव्वळ उधळपट्टी. पण एका फोनच्या आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा सगळ्यात मोठा वाटा तो बनवतानाच खर्ची पडलेला असतो. एका साध्या कव्हरामुळे फोन आणखी एक-दोन वर्षं चालला, तर त्या कव्हराने आपलं प्लास्टिक फेडलं.

कव्हर विकणारेही काही संत नाहीत. रेक्झिनचं फ्लिप कव्हर पडताना उघडतं आणि काच उघडी पडते. कडक प्लास्टिकचं पातळ कव्हर नुसतं चरे वाचवतं, धक्का तसाच आत पोचवतं. 'मिलिटरी ग्रेड' असं छापलेलं कव्हर दुप्पट पैशांत गळ्यात मारलं जातं. त्यामागचं अमेरिकी लष्कराचं मानक म्हणजे एमआयएल-एसटीडी-८१०. त्याच्या नेहमी सांगितल्या जाणाऱ्या चाचणीत वस्तू चार फुटांवरून २६ वेळा पाडतात, पण काँक्रीटवर ठेवलेल्या दोन इंची प्लायवुडवर, आणि ती २६ पडणी पाच नगांत वाटून घ्यायची मुभा असते. वर, लष्कर असा शिक्का कुणाला देत नाही. कंपनीने आपली आपण चाचणी करायची आणि छापायचं. कव्हर घेताना खोक्यावरची अक्षरं वाचू नयेत. कोपरा अंगठ्याने दाबून बघावा, दबला पाहिजे. पालथा फोन टेबलावर ठेवून बघावा, काच टेबलाला टेकता कामा नये. बाकी सगळी सजावट.

युरोपीय संघात २० जून २०२५ पासून बाजारात येणाऱ्या फोनच्या लेबलवर बॅटरीसोबत आणखी एक गोष्ट छापावी लागते: पुन्हा पुन्हा पाडल्यावर हा फोन किती टिकतो, त्याची श्रेणी. म्हणजे फोन पडणार हे तिथल्या कायद्याने मान्य केलं, आणि उत्तर देण्याची पाळी बनवणाऱ्यावर आणली. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल सुरू केलं. चांगलं झालं, पण ते फुटल्यानंतरचं झालं. पडण्याची श्रेणी आपल्या खोक्यावर छापण्याची सक्ती नाही. मेगापिक्सेल मोठ्या अक्षरांत, वॅट मोठ्या अक्षरांत, पडल्यावर काय होईल याबद्दल अवाक्षर नाही.

खरं तर ही मागणी उघडा-फोन पंथानेच लावून धरायला हवी. फोन उघडा वापरता यावा ही इच्छा त्यांची आहे, त्यांच्याकडे महागडे फोन आहेत, आणि कंपन्या अशाच गिऱ्हाइकांचं ऐकतात. पिवळ्या पडलेल्या कव्हराला हसण्यात जो वेळ जातो त्यात त्यांनी कंपनीला एक पत्र लिहावं: मीटरभर उंचीवरून फरशीवर पडून काच फुटली तर पहिली दोन वर्षं ती तुम्ही फुकट बदलून द्या, आणि तसं वॉरंटीत छापा. मसुदा मी करून देतो. कंपनीचं होकाराचं उत्तर आलं की माझं कव्हर मी त्याच दिवशी काढीन. दहाची नोट आणि स्वामींचा फोटो ठेवायला पाकीट आहेच.